तीन झालरी, एक नळी

तीन नळ्या रिकाम्या आणि चौथी भरलेली! ते पाहताच तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयोगशाळेत तिला सगळे तोफ उगाच म्हणत नव्हते.

"कोणी ओतलं हे?"

"मी," दादा हात पुसत म्हणाला. तो सरांचा सगळ्यात जुना विद्यार्थी. "तुझं काम हलकं केलं, बये. आभार मान!"

मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांत कोरॉइड प्लेक्सस नावाच्या इवल्याशा झालरी लोंबतात, आणि मेंदूतलं पाणी मुख्यतः त्याच बनवतात. उंदराची झालर ती केवढीशी! म्हणून इथे पहिल्यापासून सगळ्या पोकळ्यांतल्या झालरी एकाच नळीत ओतायची रीत. पण प्रयोगासाठी मुद्दाम दाह, म्हणजे सूज, आणलेल्या उंदरांत तोफेने सूक्ष्मदर्शकाखाली भलतंच पाहिलं होतं: मागच्या पोकळीतली झालर पेटून उठलेली, मधली जेमतेम जागी, बाजूच्या तर ढिम्म! ते मोजून सिद्ध करायला तिने मान मोडेस्तोवर बसून एकेक झालर वेगळी काढली होती. आणि या शहाण्याने केला सगळ्याचा काला!

"नळ्यांवर नावं होती ना? डोळे काय गहाण टाकलेस?"

"अगं, नेहमी ओततोच की आपण!"

आरडाओरडा ऐकून सर आले. "झालं ते झालं. सरासरी मिळेल ना? 'दाह सौम्य' असं लिहू आणि शोधनिबंध पाठवून देऊ."

"सर, एका खोलीला आग लागलीये, दोन खोल्या गारठल्यात. काढा सरासरी! घर कसं मस्त उबदार!"

दादा फिसकन हसला. सर नाही हसले.

"पहिलं नाव तुझं असेल," ते हळूच म्हणाले. "पुन्हा करत बसलीस तर वर्ष जाईल."

पहिलं नाव! आईने तर शेजारीपाजारी आधीच सांगून ठेवलं होतं. तोफेने तिन्ही रिकाम्या नळ्या उचलून सरांसमोर ठेवल्या.

"मग माझं नाव काढा. जे मी पाहिलं त्याच्या उलट मी लिहिणार नाही."

"ठीक. दादाचं घालू."

दादा म्हणाला, "नको, सर. ओतलं मी, हे खरं. पण जे खरं नाहीये, ते माझ्या नावावर कशाला?"

सरांनी दोघांकडे पाहिलं. "करा मग काय करायचं ते!" दार धाडकन आपटून ते गेले.

दादा जरा छाती काढून वळला. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"आत्ता सुचलं होय शहाणपण?" तोफ कडाडली. "माझे सगळे नमुने वाया घालवल्यावर? चल ऊठ, उंदरांच्या खोलीत! या खेपेला मागची झालर तू काढायचीस. कळू दे एकदा, मान कशी मोडते ती!"