ताम्हणावरची अक्षरं

नरडाण्याहून आठ किलोमीटरवर शेतातल्या एका शेडसमोर गुरुवारी सकाळी सातलाच दीडशे माणसं गोळा झाली होती आणि घरटी एकाच्या काखेत देवघरातलं तांब्याचं ताम्हण होतं. लोटन महाराजांची अटच तशी होती. पत्रिका नको, हात बघणं नको. घरचं ताम्हण आणा, देवी त्यावर स्वतः उपाय लिहून देईल.

“स्टील मुकं, जर्मनचं भांडं बहिरं!” महाराज गरजत होते. “बोलतं ते फक्त तांबं! मोबाइल बंद करा, देवीच्या रेंजमध्ये अडथळा येतो!”

देवीला रेंज लागते, हे ऐकून कुणालाही हसू आलं नाही. दिपमालाला आलं, पण तिने ते पदराआड दाबलं. ती जळगावची. ठिबक सिंचनाचे टायमर बनवायची, त्यांचे सर्किट बोर्ड घरीच तयार करायची आणि शिकू इच्छिणाऱ्यांना शिकवायचीही. मामीने, म्हणजे प्रमिलाबाईंनी, फारच गळ घातली म्हणून ती आली होती. मामीच्या मुलीला, सारिकाला, अकराव्या वर्षापासून मधुमेह. आता पोरगी एकोणीसची झाली होती, आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई टोचून घेऊन वैतागली होती.

सेवेकऱ्याने रांगेतच नाव आणि दुखणं विचारलं, ताम्हण ‘शुद्धीसाठी’ आत नेलं. तासाभराने ते चिंच-राखेने लख्ख घासून, वर हळदीचा हात फिरवून बाहेर आलं. महाराजांनी ते चिनी मातीच्या पसरट कुंड्यातल्या कोमट, तपकिरी तीर्थात सोडलं. धातूच्या भांड्यात म्हणे देवी उतरत नाही. दहा मिनिटांनी ताम्हण वर काढून धुतलं, तेव्हा तांबं फिकट, निस्तेज झालं होतं आणि मधोमध दोन शब्द चकाकत होते : सुई सोड.

प्रमिलाबाई जागच्या जागी रडू लागल्या. दिपमालाने मात्र कुंड्यात वाकून पाहिलं. ते तीर्थ तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. बोर्डावरचं नको असलेलं तांबं खाणारं फेरिक क्लोराइड! आणि त्या दाढीमागचा माणूसही ओळखीचा निघाला. दोन वर्षांपूर्वी लोटन तिच्याच वर्गात तीन दिवस बसला होता.

किती प्रश्न विचारायचा! तांबं जिथे राखायचं तिथे कसला लेप द्यावा? तिने कौतुकाने सगळं सांगितलं होतं. मार्करची शाई कडेने सुटते. मेण गरम द्रावणात मऊ पडतं. ऑइलपेंट टिकतो, पण वाळायला दिवस खातो. नेलपॉलिशचे दोन हात दिले, की पाऊण तासात काम. “आणि दिसूच नये असं असेल तर?” लोटनने विचारलं होतं. “मग बिनरंगाचं घ्या की,” असं म्हणून तिने स्वतःजवळची बाटलीच त्याला दिली होती. असा हुशार विद्यार्थी कुठे मिळतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आता तोंड उघडलं तर दीडशे माणसांत तो आपल्याकडे बोट दाखवेल, या विचाराने तिने ते मनातच ठेवलं. ती एवढंच म्हणाली, “मामी, एकदा डॉक्टरांना विचारा.”

“देवीनी सोता लिखं शे,” मामी म्हणाल्या. “आते डाक्तरले काय इचारू?”

रविवारी फोन करून नीट समजावू, असं मनाशी ठरवून दिपमाला दुपारच्या गाडीने जळगावला परतली. शनिवारी सारिकाला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, आणि धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोरगी गेली. इन्सुलिन असलेला डबा घरातच होता, भरलेला.

पुढच्या गुरुवारी दिपमाला पुन्हा त्या शेडसमोर उभी राहिली. सुतकातल्या मामीला तिने हाताला धरून आणलं होतं. रांगेत न थांबता ती थेट पुढे गेली.

“महाराज, हे ताम्हण घाला. शुद्ध मी घरीच केलंय.”

लोटनचा चेहरा उतरला. “आज देवीचा कौल नाही.”

“घाला ना महाराज!” मागून लोक ओरडले. शेवटी तिनेच ते कुंड्यात सोडलं. दहा मिनिटांनी वर काढलं तेव्हा त्यावर झळकत होतं : सारिका.

गर्दीने हात जोडले.

“हात खाली घ्या!” दिपमाला ओरडली. “हे मी लिहिलंय, काल, या बाटलीतल्या बिनरंगाच्या नेलपॉलिशने. हळद फासली की लेप दिसत नाही. हे पाणी उघडं तांबं खातं, लेपाखालचं खात नाही. एवढाच चमत्कार आहे. तुमचं दुखणं रांगेत विचारतात आणि आत नेऊन लिहितात!”

लोटन उसळला. “अहो, हे सगळं तुम्हीच तर शिकवलं मला!”

प्रमिलाबाईंनी मान वर केली. “तुले माहीत व्हतं? त्या दिन आठेच उभी व्हतीस ना? मंग का बरं बोलनी नहीस?”

“लाज वाटली, मामी.” दिपमालाला रडू आवरेना. “लोक मला काय म्हणतील, याची भीती वाटली.”

दिपमाला डोळे पुसून लोकांकडे वळली.

“मला काय म्हणायचं ते म्हणा. पण कुणी कितीही चकाकणारी अक्षरं दाखवली, तरी ती कशी उमटली हे विचारा. पुन्हा करून दाखवा म्हणा. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.”

लोटन मागच्या दाराने सटकू पाहत होता. चौघांनी त्याला धरून ठेवलं आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

एवढ्यात रांगेतली एक म्हातारी, कडेवर चार वर्षांचा नातू घेऊन, पुढे आली. “माय, याले फीट येस. आठ दिन व्हयनात, गोळी बंद करेल शे. आते काय करू?”

दिपमाला उत्तर देणार, तोच प्रमिलाबाई पुढे आल्या. त्यांनी पोराला म्हातारीच्या कडेवरून स्वतःकडे घेतलं.

“चाल अक्का,” त्या म्हणाल्या. “दवाखानामा जाऊत. आत्तेच.”

दिपमालाकडे न बघता त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षाकडे चालू लागल्या.