खुणेचा दोरा

लाँड्रीवाल्यांच्या घरात नवऱ्यावर संशय घ्यायला शर्टावर डाग सापडावा लागत नाही. शर्ट भलताच स्वच्छ निघाला तरी पुरतं.

सूनबाई घरचे कपडे वेगळे काढत होती. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर तिने सवयीने उलटली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. आतल्या बाजूला हिरवा दोरा होता. दोन टाके आणि वर बारीकशी गाठ.

गिऱ्हाइकाच्या कपड्याला खूण घालावीच लागते, नाहीतर कोणाची विजार कोणाच्या कमरेला जाईल याचा नेम नसतो. पण घरच्या कपड्याला कोणी कशाला खूण घालील? आणि या दुकानात सगळा कारभार लाल दोऱ्याचा. म्हणजे शर्ट दुसऱ्याच कोणीतरी धुतला होता आणि वर आपली खूणही घातली होती. एखादी बाई नवऱ्याशी हसून बोलली असती तर सूनबाईने एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्याचा शर्ट धुवायचा? हे फार झालं.

दुकानातलं मोठं मशीन बंद पडलं होतं, तेही वर्षाच्या मोठ्या सुट्टीच्या तोंडावर, जेव्हा सगळ्या वस्तीला एकदम आपले पडदे आणि चादरी आठवतात. तेव्हापासून नवरा दुपारी गाठोडी हातगाडीवर घालून न्यायचा आणि संध्याकाळी धुतलेले कपडे घेऊन यायचा.

"ओळखीच्या कारखान्यात एक मशीन रिकामं असतं," तो म्हणाला होता. "तिथं चिटपाखरू नसतं. मी आणि मशीन."

मशीन कधीपासून टाके घालायला शिकलं?

त्या संध्याकाळी त्याने अर्धं ताट तसंच ठेवलं.

"भूक नाही?"

"उकाडा किती आहे गं."

"उकाड्याने माणूस वाळतो. तुमचे तर गाल वर आलेत."

तो हसला आणि हात धुवायला उठला. बाकी सगळं सहन होतं, पण असं हसून टाळणं सहन होत नाही. संशय हा पाहुणा मोठा चिवट. त्याला टेकायला जागा दिलीत की तो तुमच्याच घरात तुम्हाला उभं करतो. सूनबाई रात्रभर उभीच होती म्हणा ना.

सकाळी घड्या घालताना तिने नणंदेला विचारलं, "वन्सं, तुमच्या दादाचं बाहेर काही आहे का हो?"

नणंद खो खो हसली. "अगं वहिनी, आमच्या दादावर कोणी भुललं असेल तर आधी तिचे डोळे तपासायला हवेत. तू भुललीस, तेवढं एक उदाहरण पुरे आहे."

"सुट्टीला माझा भाऊ न्यायला येतोय. यातलं काही खरं निघालं, तर या वेळी गेलेली मी परत यायची नाही."

नणंदेच्या हातातली उशीची खोळ अर्धवट घडीवर थांबली. हसणंही थांबलं.

दुपारी नवऱ्याने गाडी बाहेर काढली आणि सूनबाई अंतर ठेवून मागे निघाली. कारखान्याच्या रस्त्याला तो वळलाच नाही. सरळ पूल ओलांडून पलीकडच्या बाजारात गेला आणि एका लाँड्रीच्या मागच्या दाराशी थांबला. दुसऱ्यांच्या लाँड्रीत! तिने वाफेने पांढऱ्या झालेल्या काचेला डोळा लावला. आत एक बाई होती, नुसती आकृती. तिने नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

सूनबाई पूल कसा ओलांडून आली, तिचं तिला ठाऊक. सासूबाई गल्ल्यावर बसून सुट्ट्या बटणांचा डबा निवडत होत्या. सूनबाईने शर्ट त्यांच्या मांडीवर टाकला.

"हे बघा आई, तुमच्या लेकाचे प्रताप. पुलापलीकडच्या लाँड्रीत एक बाई त्याला जेवू घालते आणि त्याचे कपडे धुते."

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि कॉलर उजेडात धरली. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"ही गाठ माझ्या वहिनीची आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मीच शिकवली होती तिला."

पुलापलीकडे सासूबाईंचा सख्खा भाऊ राहायचा, हे सूनबाईला ऐकून माहीत होतं. या घरात त्याचा विषय कोणी काढत नसे. सासरे गेले तेव्हा भाऊ म्हणाला होता, "दुकान मोडून टाक. पोरांना घेऊन माझ्याकडे ये." त्याने मायेने म्हटलं, सासूबाईंनी ती कीव मानली. "मी मेले तरी तुझी पायरी चढणार नाही," असं सुनावून त्या एकट्या उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणजे माझ्या पाठीमागे माझ्या भावाच्या लाँड्रीत जातो," सासूबाई उठल्या. "माझी गिऱ्हाइकं त्यांच्या घशात घालतोय. आज याला घरात पाऊल ठेवू देणार नाही."

नवरा दुसरीचा नाही म्हणून सूनबाईला हायसं वाटायला सवड कुठे होती? तिच्याच हातून त्याचं घर सुटायची वेळ आली होती. "आई, थांबा, आधी त्यांना विचारू तरी," म्हणत ती मागे धावली.

पुलापलीकडच्या लाँड्रीचं मागचं दार सासूबाईंनी न वाजवताच ढकललं. आत नवरा बनियनवर उभा राहून इस्त्री फिरवत होता, घामाने निथळत. बाजूला चादरींचा डोंगर होता. मामा त्यातल्या एकीची घडी घालत होते, मामी टेबलाशी दोरा ओवत होत्या.

"बाळ्या, कोणाचं काम करतोस हे?"

"मामांचं," तो म्हणाला. "त्यांच्या मशीनवर आपले कपडे धुतो आणि त्या बदल्यात त्यांची इस्त्री उरकतो. सुट्टीच्या आधी एक जरी गाठोडं परत पाठवलं असतं ना आई, तरी माणसं आपल्याकडे परत आली नसती. तू उभं केलेलं दुकान आहे ते."

"आणि मला का नाही सांगितलंत?" सूनबाई फुटली.

"तुला रोज आईशी खोटं बोलावं लागलं असतं. एका घरात एक खोटारडा पुरे."

"शर्टाचं पाप माझं गं," मामी कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या. "उकाड्याने याने काढून टेबलावर टाकला होता. टेबलावर जे पडेल त्याला मी खूण घालते, हाताला तीच सवय. उद्या ह्यांचं डोकं पडलं तर त्यालाही दोन टाके घालीन."

कोणी हसलं नाही. सासूबाई भावाकडे बघत होत्या. त्याच्या हातात भली मोठी चादर होती आणि तिचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं.

"एकट्याने चादरीची घडी घालतोस? अक्कल कधी येणार तुला?"

"दुसरं टोक धरायला होतं कोण?" मामा म्हणाले.

सासूबाईंनी वाकून टोक उचललं. दोघांनी चादर ताणली, झटकली, दुमडली. पुन्हा ताणली, पुन्हा दुमडली. प्रत्येक घडीला दोघं एकेक पाऊल जवळ येत होते. शेवटच्या घडीला हाताला हात लागले, तेव्हा सासूबाईंनी चादर भावाच्या हातात दिली नाही, नुसती धरून ठेवली. परमेश्वराला माणसं जोडायची असली की तो कुठलं साधन हाती घेईल सांगता येत नाही.

"सुट्टीत जेवायला या सगळे," मामी डोळे टिपत म्हणाल्या.

"आधी या चादरी तर उरकू देत," सासूबाईंनी दुसरी ओढली.

सूनबाई नवऱ्याजवळ गेली. "मला दुसरी इस्त्री द्या."

"अगं, भाऊ येणार ना तुझा? तुझी तयारी..."

"येऊ दे. त्यालाही कामाला लावू." तिने बाही वर सारली. "आणि मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. घरी गेल्यावर बोलायचंय. सरका जरा."

तो निमूट सरकला.