दोन गाठी हॉर्नच्या

बॉनेट वर करून मी टेकू दिला आणि सवयीनं हात फ्यूजच्या डबीमागे घातला. बोटांना नुसत्या गुळगुळीत वायरी लागल्या. गाठ एकही नव्हती.

पुन्हा चाचपलं. वायरी स्वच्छ धुतलेल्या होत्या, वरून नवी काळी टेप गुंडाळलेली होती आणि पाच-सहा टोकं डबीतून निघून खाली लोंबत होती.

"इथं दोरे व्हते," मी म्हणालो.

रामरावांचा मुलगा बबलू मोबाइलमध्ये बघत होता. "त्या चिंध्या व्हय? ब्लेडनं कापून टाकल्या. परतूरहून पाण्याच्या मशीनवाला बोलावल्ता. इंजन कसं चकाचक झालं बघा. तवापासून ना हॉर्न वाजून राह्यला, ना मागचे दिवे लागून राह्यले. उद्या आमची तृप्ती नवरी म्हणून याच गाडीत बसून मंडपात जाणार हाये. दोन तासांत बराबर करून द्या."

गाडी चौऱ्याहत्तर सालची अ‍ॅम्बेसेडर. रामरावांच्या वडिलांनी घेतलेली. घरात नव्या गाड्या आल्या तरी आष्टीत या घराची ओळख हीच गाडी आहे. तीस वर्षं तिची वायरिंग परमेश्वर मिस्तरीनं सांभाळली, असं लोक म्हणतात. परमेश्वर मिस्तरी म्हणजे मी. आणि लोक म्हणतात ते अर्धंच खरं आहे.

मला रंग दिसत नाहीत. म्हणजे पिवळा दिसतो, निळा दिसतो. पण लाल, हिरवा आणि कॉफी हे तिन्ही मला ओल्या मातीसारखे एकच दिसतात. मोटारीत नेमके हेच तीन रंग जास्त. कॉफी वायर बॅटरीतून येते, हिरवी फ्यूजमधून ब्रेकच्या दिव्याकडे जाते, लाल मागच्या दिव्यांना. हे सगळं मला तोंडपाठ आहे. डोळ्यांना तेवढं कळत नाही. वायरमनला रंग दिसत नाहीत हे बाहेर कळलं, तर त्याच्याकडे कोण गाडी आणेल?

हे एकाच माणसाला माहीत होतं. माझ्या बायकोला, दैवशालाला. चार महिन्यांपूर्वी ती गेली. ताप डोक्यात चढला, जालन्याच्या दवाखान्यात तीन दिवस काढले, चौथ्या दिवशी घरी आणली. सवाष्ण गेली म्हणून बायांनी तिला हिरवी साडी नेसवली. हिरवी होती, असं मी ऐकलं.

तिला माझं कळलं ते लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत. मी बाजारातून तिच्यासाठी लाल साडी आणली होती. तिनं नेसली, दोन दिवस नेसली, आणि मग भाकरी थापताना विचारलं, "ही साडी कोन्त्या रंगाची हाये वो?" लाल, मी म्हणालो. ती हसली नाही. साडी शेणाच्या रंगाची होती. दुकानदारानं खपत नव्हती ती माझ्या गळ्यात मारली होती.

त्यानंतर ती माझ्याबरोबर कामाला येऊ लागली. रामरावांच्या गाडीची सगळी वायरिंग आम्ही नव्यानं टाकली, तेव्हा एक एक वायर हातात धरून तिनं मला रंग सांगितला. मग त्याच साडीचा काठ फाडून प्रत्येक टोकाला दोरा बांधला. एक गाठ बॅटरी. दोन गाठी हॉर्न. तीन गाठी ब्रेकचा दिवा. चार गाठी मागचे दिवे. दर दोन-चार वर्षांनी दोरे कुजायचे, ती पुन्हा काठ फाडायची. "मी नसले तरी तुमाला हाताला घावंल," म्हणायची. नसले म्हणजे माहेरी गेले तर, एवढंच तिच्या मनात असायचं.

दिवे तपासताना मी आत बसायचो आणि ती गाडीच्या मागे उभी राहायची. मी बटन दाबून विचारायचो, "आला का?" ती म्हणायची, "आला." बंद केलं की म्हणायची, "गेला." आमचं दिवसातलं निम्मं बोलणं हेच होतं.

बायकोला कशाला सोबत फिरवतो, असं लोक विचारायचे. पाने-पक्कड हातात द्यायला, असं मी सांगायचो. ती शेजारीच उभी असायची. एका वर्षी गावच्या मिरवणुकीत ही गाडी सगळे दिवे लावून फिरली, तेव्हा रामरावांनी चारचौघांत मला टॉवेल-टोपी केली. असा वायरमन जिल्ह्यात दुसरा नाही, असंही म्हणाले. दैवशाला डिकीजवळ रॉकेलचं फडकं हातात घेऊन उभी होती. मी टोपी घालून घेतली. तिचं नाव घेतलं नाही. घरी जाताना तिनं टोपी सरळ केली आणि म्हणाली, शोभती.

ते सगळं बॉनेटखाली वाकल्या वाकल्या आठवत होतं. दोऱ्यांशिवायही काम होतं. बॅटरीवरून वायर घेऊन एकेका टोकाला लावायची आणि काय पेटतं ते बघायचं. फक्त वेळ लागतो, आणि मागे एक माणूस उभा लागतो. बबलूला म्हणालो, एखादा पोरगा मागं उभा करा. तो म्हणाला, सगळे मंडपाच्या कामात आहेत. त्याचे तीन-चार मित्र मात्र कडुलिंबाखाली खुर्च्या टाकून बसले होते.

फ्यूजची डबी उघडली तर आत एकही फ्यूज नव्हता. दोन्ही फ्यूजच्या जागी एकच जाड तांब्याची तार पिळून बसवली होती.

"फ्यूज घडीघडी उडू राह्यलता," बबलू म्हणाला. "मंग मीच टाकली. वर लायटिंगच्या माळा लावायच्यात."

मी त्याला सांगितलं की वायर कुठं घासली तर आता फ्यूज जळणार नाही, वायर जळेल आणि आत बसलेल्याला दार उघडायलाही वेळ मिळणार नाही. तो म्हणाला, राहू द्या, वरातीत गाडी बंद पडली तर इज्जत जाईल. आणि त्यानं खुर्चीवरची पिशवी माझ्यासमोर उलटी केली. नव्या वायरीची तीन बंडलं बाहेर पडली.

"जुन्या वायरी फेका. जालन्याहून नव्या आणल्या. ब्रेकला हिरवी टाका."

मी एक बंडल उचललं.

"ही लाल हाये," बबलू म्हणाला.

नजर चुकली, असं म्हणून मी दुसरं उचललं. मोबाइल खाली घेऊन तो माझ्याकडे बघू लागला.

"ही कॉफी हाये, मिस्तरी."

तिसरं उचललं असतं तर बरोबरच निघालं असतं, पण आता त्याला काही अर्थ नव्हता. बबलूच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं.

त्यानं खिशातून ब्लेड काढून तिन्ही वायरींचे वीतभर तुकडे केले, ते पाठीमागे धरले आणि मित्रांना हाक मारली. मग एक तुकडा माझ्यासमोर धरला. "मिस्तरी, ही कोन्ती?"

तिथून निघून यायला हवं होतं. पण मागचे दिवे बंद होते, आणि काम अर्धं टाकून जायची मला सवय नाही. मी म्हणालो, हिरवी. हसले. दुसरा तुकडा. लाल. हसले. तिसऱ्याला बरोबर निघालं तर टाळ्या वाजवल्या. एकानं मोबाइल समोर धरून शूटिंग सुरू केलं. मंडपातले आले, स्वयंपाकातल्या बायका दारात आल्या. केदारखेड्याहून आलेला नवरदेवाचा मामा होता, त्यानं गळ्यातलं उपरणं पुढे करून विचारलं, याचा रंग सांगा. कुणीतरी म्हणालं, हा सिग्नलला कसा थांबत असंल? दुसरा म्हणाला, आष्टीत सिग्नल हाये कुठं, म्हणून तर इथं ऱ्हातो.

तृप्ती हळद लावलेली तशीच दारात आली होती. लहानपणी ती दैवशालाच्या मागे मागे फिरायची, गाठी मोजून दाखवायची. बबलूनं तिला हाताला धरून पुढे ओढलं. "आता शेवटचं. हिच्या तोंडाला काय रंग लावलाय सांग."

"पिवळा," मी म्हणालो. तो मला दिसत होता.

तृप्तीनं हात सोडवला आणि आत गेली. गाठींबद्दल ती काही बोलली नाही.

गलका ऐकून रामराव ओट्यावरून उतरून आले. काय झालं ते त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी एक तुकडा माझ्यासमोर धरला, मी त्याच्याकडे बघितलंही नाही. तेव्हा त्यांनी तो खाली टाकला.

"परमेश्वर, तीस वर्सं आमाला फसवलं व्हय?"

मी हात पुसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"रंग दैवशाला बघायची, मालक. ही गाडी तिनं सांभाळली. मी नुसते पाने धरत व्हतो."

क्षणभर कुणीच हसलं नाही. मला वाटलं, आता रामराव तरी तिचं नाव घेतील.

"म्हंजे टावेल-टोपी बाईला द्यायची व्हती, अण्णा," बबलू बापाला म्हणाला. मग त्यानं आभाळाकडे बघितलं. "आता कोन्त्या पत्त्यावर पाठवायची?"

सगळे हसले. रामरावही हसले, तोंडावर हात धरून. मग हात काढून ते म्हणाले, "आधी दिवे लाव. मंग जा. पुन्हा या गाडीला हात लावू नको."

मी वाकलो आणि काम सुरू केलं. एक वायर लावायची, आत जाऊन बटन दाबायचं, उतरून मागे जाऊन बघायचं, परत पुढे यायचं. हॉर्न लवकर सापडला, तो ऐकू येतो. डावा दिवा सापडला. उजव्या दिव्याची वायर बहुतेक सापडली असं वाटलं तेव्हा पाय भरून आले होते. आत बसून बटन दाबलं आणि तोंडातून निघून गेलं, "आला का?"

मागून बाईचा बारीक आवाज आला. "आला वो, आला."

माझा हात बटनावरच राहिला. मग उतरून मागे गेलो. बबलूचा एक मित्र डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन उभा होता आणि बाकीचे खुर्च्यांवर वाकून वाकून हसत होते. मी दिव्याकडे बघितलं. दिवा लागलेला नव्हता.

दैवशाला तीस वर्षांत एकदाही चुकीचं बोलली नव्हती.

मी परत पुढे गेलो. थोड्या वेळानं त्यांना जेवायला बोलावलं आणि अंगण रिकामं झालं. पंगतीतून हसण्याचा आवाज येत होता. मोबाइलवरचं शूटिंग कुणीतरी पुन्हा लावलं होतं, माझाच आवाज मला ऐकू आला. हिरवी. लाल. हे आता परतूरपर्यंत जाईल, माझ्या दुकानावर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात जाईल.

उजवा दिवाही लागला. आता ब्रेकचा तेवढा राहिला होता, आणि ती तार. डबीत तांबं चमकत होतं. मालकाच्या पोरानं स्वतः टाकलेली तार, राहू द्या म्हणून सांगितलेली. ती तशीच ठेवली असती तरी कुणी मला बोल लावला नसता. खोटं कशाला सांगू, मी बराच वेळ तिच्याकडे बघत उभा होतो. उद्या माळा लागल्यावर वायर तापली असती, ते मला दिसत होतं. मागच्या सीटवर कोण बसलेलं असेल, तेही दिसत होतं.

पक्कडीनं तार उपटून काढली. माझ्या डब्यात काचेचे दोन फ्यूज होते. फ्यूज बसवायच्या आधी त्याची टोकं घासायची म्हणजे जोड पक्का होतो, हे काम दैवशाला पदरानं करायची. मी शर्टानं घासली आणि दोन्ही बसवले.

तार टाकायला गोठ्यामागच्या घमेल्याकडे गेलो. घमेल्यात जुनी टेप होती, ग्रीसचा चिखल होता आणि त्यात दोरे होते. एक उचलला. अंगठ्याखाली दोन गाठी लागल्या. हॉर्न. दुसरा उचलला, तीन. चार. पुन्हा चार. डोळे मिटूनही मी सांगू शकलो असतो. परत बांधावेत असं एकदा वाटलं. मग वाटलं, उद्या पुन्हा ब्लेड लावतील. पुसून खिशात ठेवले.

ब्रेकचा दिवा तपासायला पाय ब्रेकवर लागतो आणि डोळे मागे. मंडपाच्या खांबाजवळची एक वीट आणली, किल्ली फिरवली आणि ती वीट ब्रेकवर दाबून बसवली. मागे गेलो. दिवस मावळत आला होता. दोन्ही दिवे लागले होते आणि गोठ्याच्या भिंतीवर त्यांचा उजेड पडला होता. तो लाल असतो म्हणतात.

"आला," मी म्हणालो.

पुढे येऊन दारातून वाकलो आणि वीट काढली. मागे वळून बघितलं. भिंत नुसती भिंत राहिली होती.

"गेला," मी म्हणालो, आणि बॉनेट खाली घेतलं.