माहेरच्या मेंढीची वीण

खोडदच्या शिवारात, रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांच्या अलीकडे, माळावर सोमाजीचे घर होते. घरालगत वाघर लावलेली असे. दोरीच्या जाळीच्या त्या कुंपणात रात्री मेंढरे विसावत.

बानूबाई या घरी सून होऊन आली, तेव्हा तिच्या वडिलांनी, चिमाजींनी, तिच्यासोबत एक गाभण मेंढी पाठवली होती. निरोपाच्या वेळी त्यांनी मेंढीच्या डाव्या कानाला आपल्या घरची खाच पाडली आणि ते म्हणाले, "ही तुजी. हिची वीणबी तुजी. फुडं तुज्या लेकीची." शास्त्रकार ज्यास स्त्रीधन म्हणतात, ते हेच. चिमाजींच्या कानी तो शब्द कधी पडला नसेल. पण त्यातील धर्म त्यांनी अक्षरशः पाळला होता.

वर्षे लोटली. त्या एका मेंढीची वीण वाढत वाढत निम्म्या कळपाएवढी झाली. आपल्या प्रत्येक कोकराच्या कानाला बानूबाई स्वतः खाच पाडी आणि जखमेवर हळद भरी. अडलेली मेंढी सोडवणे, आजारीला पाला चारणे, पावसात कोकरे उराशी धरून बसणे, हे सारे तिच्याच हातून होई. कळप तिची हाक ओळखे. धाकटी लेक निर्मला हिचे लग्न येत्या वैशाखात ठरले होते, आणि खाचेची मेंढरे लेकीच्या स्वाधीन करावीत, एवढीच एक इच्छा बानूबाईने मनाशी बाळगली होती.

नव्वदीचे दशक सरत आले होते. कालव्याच्या पाण्याने ऊस आणि द्राक्षे वाढली, चराऊ माळ आटले. थोरला मुलगा जालिंदर आळेफाट्याला गॅरेजात कामाला होता. त्याला प्रवासी वाहतुकीसाठी जीप घ्यायची होती. बापलेकांनी ओट्यावर बसून कळप विकण्याचे पक्के केले. बानूबाईला ते कळले, तेव्हा कुशाबा व्यापाऱ्याचा ट्रक दारात उभा होता.

कुशाबा कळपातून फिरला, दोन-चार कान चाचपले आणि थबकला.

"पावणं, निम्म्यांच्या कानाला खाच हाय. दुसऱ्या कुणाची तर न्हाईत? मागनं भांडान नगं."

"मंडळीच्या माहेरची खूण हाय ती," सोमाजी म्हणाला.

"मग बाईला इचारलंय न्हवं?"

सोमाजी हसला. "बाईला काय इचारायचं, राव? बाईच आमची हाय. तिची मेंढरं काय शेजाऱ्याची व्हत्यात?"

जालिंदरही हसला. बानूबाई दाराशी उभी होती. डोईवरचा पदर सावरून ती पुढे आली.

"अवं, खाचंची तेवढी ठेवा. निर्मीला द्यायचीत."

"निर्मीला भांडी देऊ, कपाट देऊ. जावय कारखान्यात कामाला. तिथं मेंढरं काय गच्चीवर चारायची?"

"चारंल न्हाईतर इकंल. तिची हायेत ती."

"आये, जीप आली की निर्मीची वरात तिच्यातनंच काढू," जालिंदर समजुतीने म्हणाला. "तूबी बस फुडं, डायवरच्या शेजारी."

"मी बसाया जागा मागतीया व्हय रं?"

कुशाबाच्या माणसांनी ट्रकला फळी लावली. सोमाजी काही दुष्ट मनुष्य नव्हता. बायकोवर त्याने कधी हात टाकला नव्हता, आणि गावात त्याचे नाव चांगले होते. घरात जे जे आहे ते आपले, हे त्याने आपल्या बापाकडून ऐकले होते. त्याच्या बापाने त्याच्या बापाकडून.

मेंढरे फळीवर पाय ठेवीनात. पुढच्या मेंढीला ओढले, की मागच्या फुटून माळावर पळत. जालिंदरने एकीला मागचे पाय धरून फरफटत वर चढवले. तिने तिथून उडी टाकली आणि तिचे गुडघे सोलवटले. मग कुशाबाच्या माणसांनी काठ्या घेतल्या.

"बाने," सोमाजी म्हणाला, "हाक घाल."

त्या दिवशी त्याने तिच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. निर्मलेने आईचे मनगट धरले. "आये, नगं घालू. बघू दे त्यांना कशी चढवत्यात ती."

बानूबाई तशीच उभी राहिली. एक काठी गाभण मेंढीच्या पाठीवर बसली. दुसरी बसली. त्या मेंढीच्या कानाला खाच नव्हती. ती सोमाजीच्या वाट्याची होती. बानूबाईने लेकीच्या हातातून आपले मनगट सोडवून घेतले, ती फळीवरून ट्रकात चढली आणि तिने हाक घातली.

लांब, चढत जाणारी ती हाक ऐकताच कळप वळला. एकामागून एक मेंढरे निमूट वर आली आणि तिच्या लुगड्याला अंग घासत तिच्याभोवती दाटली. ट्रक भरला तेव्हा तिला उतरायला वाट उरली नव्हती. सोमाजीने हात देऊन तिला वरूनच खाली घेतले. "झालं बघ, किती सोपं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच कौतुक होते.

ट्रक गेल्यावर मायलेकी मोकळ्या वाघरीपाशी बसल्या. ऊन कलले.

"तू हाक घातली नसतीस तर?" निर्मलेने विचारले.

"तर मार खाऊन चढली असती."

"पर तू चढवली नसतीस."

लेक उठून घरात गेली आणि तिने दार लोटून घेतले. कितीतरी वेळाने बानूबाई उठली. ती वाघरीच्या मेखा उपटू लागली. जाळी गुंडाळायला दोघे लागतात. एरवी दुसरे टोक निर्मला धरीत असे. सोमाजीने ते पाहिले आणि जवळ येऊन जाळीला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

त्याने हात काढून घेतला. ती एकटीच गुंडाळीत राहिली. जाळी जमिनीवर फरफटत होती, तिच्यात काटेकुटे अडकत होते. काळोख पडेपर्यंत तिचे ते काम संपले नाही.