दोन साक्षीदारांच्या सहीनिशी

मी एव्हर्टची गाडी बोलतेय. निळी, लांबुडकी, मागचं दार वर उघडणारी. सध्या नॉर्वेत, कस्टमच्या आवारात, तारेच्या कुंपणाआड उभी आहे. माझा गुन्हा काय, तर मी स्वीडनच्या नंबरची आणि मला चालवणारी पोरगी राहते नॉर्वेत. बस्स. पण तेवढ्यावरून एका म्हाताऱ्याचं घर सुटलं, म्हणून तोंड उघडावं लागतंय.

जन्म कारखान्यात झाला, सगळ्या गाड्यांचा होतो तसा. आयुष्य सुरू झालं ते एव्हर्टने मला घेतलं तेव्हा. लाकडाच्या गिरणीतून तो नुकताच निवृत्त झाला होता. गाव सीमेपासून अकरा किलोमीटरवर. त्याने माझ्यात सरपण भरलं, बटाट्याची पोती भरली, शिकारीच्या दिवसांत एल्क हरणाच्या मांसाचे मोठाले तुकडे भरले. रक्त धुताना शिव्या मात्र मला. त्याची बायको शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसायची आणि तो रोज तिच्यावर ओरडायचा. ती गेल्यावर त्या सीटवर त्याने कुणाला बसू दिलं नाही.

सीमेबद्दल त्याचं मत ठाम होतं. "सीमा कसली? जंगलात झाडं तोडून केलेली पट्टी. पन्नास वर्षं ये-जा करतोय, कुणी हात दाखवला नाही."

दाखवतील कशाला? माणूस स्वीडनचा, गाडी स्वीडनची. त्यात त्याची हुशारी काहीच नव्हती. पण म्हाताऱ्यांचं हे असंच असतं. आपलं नशीब चांगलं होतं हे ते कधी म्हणत नाहीत, त्याला अनुभव म्हणतात आणि तो पोरांच्या गळ्यात बांधतात.

दोन वर्षांपूर्वी त्याची नजर अधू झाली आणि लायसन्स गेलं. तेव्हापासून त्याला सांभाळलं ते नातीनं, इल्वानं. वय तेवीस. सीमेपलीकडे एका इस्पितळात कामाला, तिथेच खोली घेऊन राहणारी. एक दिवसाआड यायची. शेगडी पेटवायची, त्याच्या डोळ्यांत थेंब घालायची, दोन दिवसांचं सूप करून ठेवायची. नगरपालिकेच्या बाई त्याला सरळ सांगून गेल्या होत्या, "ही पोरगी येतेय तोवर राहा घरी. ती यायची थांबली की वृद्धाश्रम." एव्हर्टला त्या घरातून हलायचं नव्हतं. आयुष्याकडे त्याचं तेवढंच मागणं उरलं होतं.

नोव्हेंबरात इल्वाच्या स्वतःच्या खटाऱ्याने मान टाकली. त्या रस्त्याने सीमा ओलांडणारी बस नाही. एव्हर्टने मला अंगणात सुरू करून तापत ठेवलं आणि किल्लीकडे बोट दाखवलं. "ही ने. उन्हाळ्यापर्यंत ठेव."

"आजोबा, तसं चालत नाही. तिकडे राहणाऱ्याने इकडच्या नंबरची गाडी तिकडे चालवायची नसते. आधी परवानगी काढावी लागते. मोबाइलवर अर्ज आहे, मी आत्ता भरते."

"माझ्या गाडीसाठी मी नॉर्वेवाल्यांच्या पाया पडू?"

"पाया नका पडू. नुसती सही करा."

"सहीच ना? आण कागद!"

आणि त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत स्वतःच परवानगी लिहिली. माझी नात इल्वा सगळा हिवाळा नॉर्वेत कामावर जाण्यायेण्यासाठी माझी गाडी वापरील, माझी पूर्ण संमती आहे. खाली सही. मग शेजारच्या सिक्स्टेनला आणि त्याच्या बायकोला, गुनवोरला, हाक मारली. आमच्याकडे मृत्युपत्र असो की जुनी होडी विकणं असो, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की लोकांना वाटतं, आता हे देवानेच लिहिलंय. कागद माझ्या गरम बॉनेटवर पसरला. शेजारी कॉफीचे कप.

सिक्स्टेनने चष्मा सावरत सही ठोकली. "झालं! आता राजा आला तरी अडवायचा नाही."

"राजाकडे दोन साक्षीदार आहेत का, ते आधी विचारा म्हणावं," गुनवोर म्हणाली. तिघं पोट धरून हसले.

इल्वा मोबाइलवर अर्ज उघडून उभी होती. "पोरी, ठेव तो डबा खिशात," एव्हर्ट म्हणाला. तिने ठेवला. त्याच्याशी वाद घालायचा तर आख्खा रविवार जातो आणि तिला ड्यूटीवर पोचायचं होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी कस्टमच्या बाईने हात दाखवला. लायसन्स पाहिलं, पत्ता विचारला, गाडी कुणाची ते विचारलं. इल्वाने सगळं खरं सांगितलं. बाई वाईट नव्हती. तिने वाट करून दिली, "काही अडचण आली म्हणून आज एकदाच आणलीत का?"

हो म्हण, पोरी. मी मनात ओरडले. पण तिने कप्पा उघडून कागद काढला. "माझ्याकडे परवानगी आहे."

बाईने तो दोनदा वाचला. "हा दाखवायला नको होता तुम्ही. एका फेरीसाठी मी ताकीद देऊन परत पाठवलं असतं. यात सगळा हिवाळा लिहिलंय. वर दोन साक्षीदार."

"पण आजोबांची परवानगी आहे ना!"

"त्यांची आहे. आमची नाही."

मला जप्त केलं. स्वीडनमध्ये राहणाऱ्या कुणी तीन आठवड्यांत येऊन मला परत न्यायचं, नाहीतर नॉर्वेचा पूर्ण कर, जो मला विकूनही निघाला नसता. तोही नाही भरला, तर मी सरकारजमा.

इल्वाने आवारातूनच सिक्स्टेनला फोन लावला. "काका, याल का गाडी न्यायला? तासाभराचं काम आहे."

"अगं, आम्ही फक्त सही खरी आहे असं लिहिलं. कस्टमच्या भानगडीत आम्हाला ओढू नकोस. गुनवोरला बीपी आहे."

मग आजोबांना.

"न्यायची कशाला? चूक त्यांची. आणून देतील. मी पत्र टाकतो."

"आजोबा, मालक तुम्ही, तुम्हीच टोइंगवाल्याला सांगा. संध्याकाळपर्यंत गाडी अंगणात येईल."

"म्हणजे मी चुकलो असं कबूल करू?"

"हो!"

फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

त्यानंतर ती कुणाकुणाच्या गाडीला हात करत, उरलेलं पायी चालत आजोबांकडे जायची. एका दिवशी बर्फाचं वादळ होतं, कुणी थांबलं नाही, ती अर्ध्यातून परतली. दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा शेगडी गार होती आणि एव्हर्ट सरपणाच्या पेटीशी पडलेला. जिवंत होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातून त्याला सरळ वृद्धाश्रमात नेलं.

तीन आठवडे संपले. काल इल्वा मला सरकारजमा करायच्या कागदावर सही करायला आली होती. सामान काढायला म्हणून आत बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. तेवढ्यात आजोबांचा फोन आला.

"माझ्या पत्राचं उत्तर आलं का गं?"

"आलं."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, चूक तुमची होती."

पलीकडून लहान आवाजात, "मग मी घरी कसा जाऊ?"

स्टिअरिंगवर कपाळ टेकलं तिने, आणि मला हॉर्नसुद्धा वाजवता आला नाही. बॅटरी कधीच मेली होती.

सोमवारी मला चिरडायला नेणार आहेत. माझी दया करा असं म्हणत नाही, मी लोखंड आहे, माझं काहीतरी होईलच. पण गावात आता सिक्स्टेन कॉफी पिता पिता सांगत सुटलाय की पोरीने म्हाताऱ्याची गाडी घालवली आणि म्हाताऱ्याचं घरही घालवलं. तुमच्या कानावर ते आलं, तर मान डोलवू नका. त्याला तिथेच थांबवा.

येते मी.