खातं दादाच्या नावाचं

आमचं पडदे शिवायचं दुकान आहे. कापणं-शिवणं माझ्याकडे, गिऱ्हाइकं आणि कॉम्प्युटर वहिनीकडे. ऑनलाइन पैसे ज्या खात्यात येतात ते दादाने एका पेमेंट कंपनीकडे उघडलेलं. दादा जाऊन दोन वर्षं झाली, तरी वहिनीने तिथलं नाव बदललं नव्हतं. सांगून सांगून माझी जीभ झिजली. "करू हो भाऊजी," ती म्हणायची, आणि घोडं तिथेच अडायचं.

गेल्या महिन्यात ईमेल आला. 'आपल्या खात्यातील माहिती चुकीची आढळली आहे. खालील बटण दाबून आजच पडताळणी करा, अन्यथा खाते गोठवण्यात येईल.' मला ते लगेच खरं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. माहिती चुकीची होतीच ना! एका हॉटेलच्या पडद्यांचे सगळे पैसे त्यात होते, आणि कापडवाला उधारीचं नाव काढू देत नव्हता.

मी तडकलोच. "बघ, म्हणत होतो ना? आता दाब ते बटण."

वहिनीने चष्मा लावून मेल पुन्हा वाचला. "हा त्यांचा नाही."

"कशावरून? रंग तोच, चिन्ह तेच."

"वर 'प्रिय ग्राहक' लिहिलंय. ते असं कधी लिहीत नाहीत. ते ह्यांना नावाने बोलावतात."

बटणाला तिने हात लावला नाही. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून खातं उघडलं. पैसे जागच्या जागी होते, सूचना कसलीच नव्हती. मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा कंपनीशी काडीचा संबंध नव्हता. मी उगाच कात्री शोधायला लागलो. दादाच्या नावाने येणारे कंपनीचे मेल दोन वर्षं ही बाई कशासाठी उघडत होती, ते मला आत्ता कळलं, आणि स्वतःच्या कटकटीची लाज वाटली.

"राहू दे नाव," मी म्हणालो.

"नको. आज तो भामटा नुसतं 'ग्राहक' म्हणाला. उद्या कुठून तरी ह्यांचं नाव मिळवेल आणि त्या नावाने हाक मारेल. ते मला नाही खपायचं."

मृत्यूचा दाखला तिने स्वतः पाठवला. जुनं खातं बंद झालं, नवं उघडलं. मग एका दुपारी कंपनीचा मेल आला. वर 'प्रिय', आणि पुढे वहिनीचं नाव. तिने पाठवणाऱ्याचा पत्ता तपासला, पुन्हा तपासला.

"खरा आहे, भाऊजी," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात रडली.