सील तुटलेली नळी

शैलूच्या गळ्यात श्वासासाठी नळी आहे. माझी लेक, दोन वर्षांचं लेकरू. नळीच्या आत जंतू चिकट थर धरतात, थराखाली औषध पोचत नाही. मग ताप, मग इंजेक्शनं. कलबुर्गीचे डॉक्टर अनिलकुमार अशा नळ्यांवर प्रयोग करतात. वायूत विजेनं जांभळा उजेड पेटवायचा. तो गार असतो, हाताला भाजत नाही, पण थर मात्र उकलतो. गार प्लाझ्मा म्हणतात त्याला. शैलूची दुसरी नळी तशी साफ करून त्यांनी सीलबंद पुडक्यात दिली.

"सोमवारी घरीच बदला. पण आधी सील तुटलं तर हिची प्रयोगातली जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल."

घरी, बसवकल्याणला, मी नवऱ्याला, बसवराजला, सगळं समजावलं. आईलाही फोनवर सांगितलं. अत्तींना, म्हणजे सासूबाईंना, एवढंच म्हणाले, "त्याला हात लावू नका."

सोमवारी बघते तर पुडकं कापलेलं, नळी ताटलीत, तिच्यावर विभूतीची बोटं. आमच्यात लेकराच्या अंगाला नवं काही लावायचं तर आधी लिंगपूजेत ठेवतात.

"अत्ती, कामून फोडलं?"

"उकळल्या पाण्यात धुतली की मी. लेकराच्या गळ्यात जायची वस्तू, तशीच घालायची व्हय?"

बसवराज हळूच म्हणाला, "पुसून घाल. कोण बघायलंय?"

क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण ती राख श्वासात गेली तर? जुन्याच नळीवर शैलूला घेऊन आम्ही सासूसुना कलबुर्गीला गेलो.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "खरं सांगितलंत, बरं केलंत. पण आता हिला प्रयोगात ठेवता येणार नाही." त्यांनी साधी नवी नळी बसवली आणि परत इंजेक्शनं लिहून दिली.

परतीच्या बसमध्ये अत्तींनी शैलूला मांडीवर घेतलं नाही. "तूच धर बाई. माझा हात नगं."

तेव्हा कुठं मी त्यांना सांगितलं: रांजणाच्या तळाला बुळबुळीत थर धरतो ना, तसाच नळीत धरतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि उघड्यावर काढलेल्या नळीला तो पुन्हा धरायला लागतो. हुमनाबाद येईपर्यंत त्या ऐकत होत्या.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "मग आधी सांगायचं न्हाई का, शिवलीला? मी पुडक्यावरनंच लावली असती की इभूत."

शैलूच्या गळ्यात घरघर सुरू झाली होती.